जेकब्ज लॅडर फसवत नाही, व्हिएतनामचे तुकडे सलग लावून बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे: '१९९० चा जेकब्ज लॅडर बघितला. राक्षस वगैरे धड दिसतच नाहीत तरी झोप उडाली, असं का होतं? शेवटी तो सैनिक आधीच मेलेला निघतो, मग मधलं सगळं फसवणूकच झाली ना? आणि माझे काका आर्मीतून रिटायर झालेत, कारगिलच्या वेळी तिकडेच होते, रात्री नीट झोपत नाहीत, त्यांना हा पिक्चर दाखवू का?'

आधी दुसरा प्रश्न घेतो, कारण त्याचं उत्तर कळलं की पहिल्याचं अर्धं तिथेच मिळतं. मी एडिटर आहे, स्टीनबेकवर (जुन्या एडिटिंग टेबलवर) फिल्म कापायचे तेव्हापासून हेच करतोय, आणि हाताखाली नवीन पोरं आली की त्यांना टाइमलाइनवर बसवायच्या आधी जे तीनचार पिक्चर दाखवतोच त्यात हा एक असतो. ज्यांनी बघितला नाहीये त्यांनी इथेच थांबा, पुढे शेवटासकट सगळं बोलणार आहे.

सुरुवात आठवा. ६ ऑक्टोबर १९७१, व्हिएतनाममधला मेकाँग डेल्टा. जेकब सिंगर (टिम रॉबिन्स) आणि त्याच्या तुकडीतली पोरं सिगरेटी ओढत, एकमेकांची खेचत बसलीयेत, आणि अचानक एकेकाला काहीतरी व्हायला लागतं, कोणी डोकं गच्च धरतो, कोणाला फिट येते, कोणी ओकायला लागतो, तेवढ्यात गोळीबार सुरू होतो, जेकब झाडीत पळतो आणि कोणीतरी त्याच्या पोटात संगीन खुपसतं. कट. जेकब न्यूयॉर्कच्या सबवेत दचकून जागा होतो, अंगावर पोस्टाचा युनिफॉर्म, हातात पुस्तक. लढाई संपून काही वर्षं झालीयेत, बायकोशी काडीमोड झालाय, पोस्टातल्याच जेझीबरोबर (एलिझाबेथ पेन्या) तो राहतोय, धाकटा मुलगा गेब युद्धाच्या आधीच अपघातात गेलाय. आपण लगेच समजून घेतो की आत्ता चाललंय ते न्यूयॉर्क आणि व्हिएतनाम म्हणजे फ्लॅशबॅक. हे आपल्याला पिक्चरने सांगितलेलं नाहीये बरं का, आपणच सवयीने धरून चालतो.

आता पिक्चर परत लावा आणि कागद घेऊन फक्त व्हिएतनामचे तुकडे लिहून काढा, मी पोरांना हेच करायला लावतो. संगीन लागते. मग जेकब जंगलात पडलाय, अंधारात सरपटतोय. मग आपल्याच सैनिकांना तो सापडतो, ते त्याच्या पोटावर हात दाबून धरतायत. मग स्ट्रेचर, मग हेलिकॉप्टर, आणि सगळ्यात शेवटी तंबूतलं फील्ड हॉस्पिटल. दिसलं का काय चाललंय ते? साधारण फ्लॅशबॅक कसे असतात, हिरोला एखादी गोष्ट छळतेय म्हणून तो त्याच क्षणाकडे फिरून फिरून जातो, दर वेळी थोडं जास्त दाखवतात आणि शेवटी सगळं उलगडतं. इथे तसं होतच नाही. इथे प्रत्येक तुकडा आधीच्या तुकड्याच्या पुढचा आहे, वेळ सरळ पुढे चाललीये. आठवण अशी पुढे पुढे सरकत नसते, पुढे सरकतो तो चालू काळ! म्हणजे या पिक्चरचा एडिटर टॉम रोल्फ याने एडिट टेबलवर पहिल्या रिळापासून सांगून ठेवलंय की खरी गोष्ट जंगलात घडतेय, आणि न्यूयॉर्क हे मरणाऱ्या माणसाच्या डोक्यात चाललंय, त्या काही तासांत.

आणि नुसतं असं आडून सांगितलंय असंही नाही. पार्टीत एक बाई जेकबचा हात बघते आणि सांगते की तुझ्या आयुष्यरेषेप्रमाणे तू केव्हाच मेलायस. सगळे हसतात, आपणही हसतो. पुढे हॉस्पिटलच्या त्या भयंकर सीनमध्ये तो इथून बाहेर जायचंय म्हणतो तेव्हा त्याला तोंडावर सांगतात की इथून बाहेर नसतं, तुला मारून टाकलंय. याहून स्पष्ट काय सांगायचं? पण आपल्याला ते ऐकूच येत नाही, कारण जेकबला ऐकून घ्यायचं नाहीये आणि आपण पूर्णपणे जेकबच्या बाजूने झालेलो असतो. म्हणून मला फसवणूक हा शब्द इथे पटत नाही. फसवणारे पिक्चर मी भरपूर बघितलेत, ते दुसऱ्यांदा बघताना पोकळ वाटतात कारण गुपित कळलं की खाली काहीच उरत नाही, हा दुसऱ्यांदा बघताना जास्त रडवतो.

रडवतो म्हणतोय ते गेबमुळे. गेबचं काम मॅकॉले कल्किनने केलंय, टायटलमध्ये त्याचं नावच नाहीये, आणि त्याच नोव्हेंबरात होम अलोन आला आणि तो जगभर माहीत झाला. जेकबला एकदा १०६ डिग्री ताप चढतो, शेजारीपाजारी मिळून त्याला बर्फाने भरलेल्या टबात कोंबतात, आणि तिथून कट होतो तो थेट जुन्या घरातल्या बेडरूममध्ये. शेजारी बायको झोपलीये, खिडकी उघडी राहिल्याने गारठा आलाय, तो म्हणतो काय घाणेरडं स्वप्न पडलं, मी त्या पोस्टातल्या जेझीबरोबर राहत होतो. मग उठून पोरांच्या खोलीत जातो, गेबला नीट झोपवतो, पांघरूण सारखं करतो. सीन अगदी शांत आहे, कुठे घाई नाही, शॉट लांब लांब ठेवलेत, एवढ्या वेळात पहिल्यांदा आपण सैल होऊन बसतो. आणि मग परत टब, परत डॉक्टर, जेझी. तुम्हाला ज्या सीननी झोप उडवली असं वाटतंय ना ते भुताचे सीन नाहीत असं माझं ठाम मत आहे, हा सीन आहे. पोराला जिवंत बघितलं आणि हातातून परत काढून घेतलं. त्यानंतर कुठलाही राक्षस दाखवला तरी तो लागतोच, कारण आपण आधीच सोललेले असतो.

आता राक्षस धड दिसत का नाहीत. पटकथा ब्रूस जोएल रुबिनची, ती बरीच वर्षं तशीच पडून होती, १९८३ मध्ये अमेरिकन फिल्म मासिकाने न बनलेल्या दहा उत्तम पटकथांची यादी काढली त्यात ती होती, तरी कोणी हात लावेना. रुबिनच्या कागदावर शिंगं आणि पंख असलेले बायबलातले सैतान होते. दिग्दर्शक एड्रियन लाइनने (फ्लॅशडान्स आणि फेटल अ‍ॅट्रॅक्शनवाला) ते सगळं काढलं. शिंगं दिसली की प्रेक्षकाला कळतं की हा सिनेमातला सैतान आहे आणि तो सुटतो, आरामात पॉपकॉर्न खातो. लाइनने माणसाचंच शरीर घेतलं आणि त्यात थोडंसं बिघडवलं. सबवेत झोपलेल्या भणंग माणसाच्या अंगाखालून काहीतरी सरकन आत जातं, ते शेपूट होतं का काय होतं कळायच्या आत कट. नर्सची टोपी पडते आणि डोक्यावर काहीतरी उगवलेलं दिसतं, ती टोपी परत घालते आणि कामाला लागते. पार्टीत नाचणाऱ्या गर्दीत, लुकलुकत्या उजेडात, जेझीच्या पायांमधून काहीतरी वर येतं. यातलं एकही नीट पूर्ण बघायला मिळत नाही. एडिटरची सगळ्यात मोठी खाज असते की एवढे पैसे घालून बनवलंय तर दाखवू की अजून दोन सेकंद, ती मारून ठेवणं फार अवघड आहे हो, प्रोड्युसर मागे उभा असताना तर फारच.

आणि ती डोकी थरथरवणारी माणसं, ज्याच्याबद्दल सगळेच विचारतात. कॉम्प्युटरचं काम नाही ते, सगळं कॅमेऱ्यात केलंय. नट डोकं हलवतो ते साध्या वेगाने, आणि कॅमेरा सेकंदाला २४ ऐवजी साधारण ४ फ्रेमवर चालवलाय. मग तीच फिल्म २४ च्या वेगाने दाखवली की हालचाल सहापट जलद होते. पण नुसतं जलद झालं असतं तर चार्ली चॅप्लिनसारखं दिसलं असतं आणि लोक हसले असते. खरी गंमत शटरमध्ये आहे. २४ फ्रेमला नेहमीच्या शटरने प्रत्येक फ्रेम १/४८ सेकंद उघडी असते, ४ फ्रेमला तीच १/८ सेकंद उघडी राहते, तेवढ्या वेळात डोकं इकडून तिकडे फिरलेलं असतं, त्यामुळे प्रत्येक फ्रेममध्ये चेहरा पुसल्यासारखा, ओला रंग बोटाने फासल्यासारखा येतो. लाइनच्या डोळ्यासमोर चित्रकार फ्रान्सिस बेकनची चित्रं होती, त्यातले चेहरे असेच फासलेले असतात. खांदे जवळपास स्थिर, कपडे स्पष्ट, फक्त चेहरा नाही! आपला मेंदू माणूस दिसला की आधी चेहरा शोधतो आणि इथे तो त्याला मिळतच नाही, म्हणून पोटात गोळा येतो. करून बघायचं असेल तर फोनच्या प्रो मोडमध्ये शटर १/८ ला टाका, फ्रेम रेट ४ वर आणा (८ च्या वर असेल तर १/८ चं शटर बसतच नाही, तेवढं खाली जाणारं अ‍ॅप लागेल), खोलीतला उजेड कमी करा (शटर सहापट जास्त वेळ उघडं म्हणजे उजेडही सहापट आत येतो, नाहीतर सगळं पांढरं फट्ट होईल) आणि मित्राला खांदे न हलवता मान हलवायला सांगा. क्लिप सहापट फास्ट करा. रात्री करू नका एवढंच सांगतो. पुढे सायलेंट हिलच्या गेमवाल्यांनी हे सगळं उचललं, तिसऱ्या गेममध्ये तर सुरुवातीला जेकब ब्रुकलिनच्या ज्या बर्गन स्ट्रीट स्टेशनवर उतरतो त्याचं नावसुद्धा आहे.

बर्गन स्ट्रीटचा सीन रुबिनला पडलेल्या स्वप्नातून आलाय. रात्री उशिरा एकटाच सबवेत, निर्जन स्टेशनवर उतरला आणि बाहेर जायचं दार बंद. सगळी गोष्ट या एका स्वप्नातून सुरू झाली. आणि हा रुबिन तरुणपणी भारत-नेपाळकडे आला होता, नेपाळमध्ये एका तिबेटी मठात राहिला होता, तिबेटी बौद्धांचा बार्डो थोडोल, मेल्यानंतर पुढच्या जन्माआधी माणूस ज्या मधल्या अवस्थेतून जातो तिचं वर्णन करणारा ग्रंथ, त्याच्या पटकथेच्या मुळाशी आहे. जे भयंकर दिसतं ते आपल्याच मनातून आलेलं असतं, त्याला घाबरून पळालास तर अडकशील, ओळखलंस तर सुटशील, असं त्यात सांगितलंय. म्हणून मला वाटतं मराठी माणसाला हा पिक्चर समजावून सांगायची फार गरज पडू नये. दहाव्याला घाटावर पिंडाला कावळा शिवत नाही तेव्हा घरचे लोक हात जोडून काय म्हणतात, पोरांची काळजी करू नका, आम्ही आहोत, सुखाने जा. जेकबचं नेमकं तेच अडलंय, त्याचा जीव गेबमध्ये अडकलाय.

हे पिक्चरमध्ये तोंडाने बोलतो तो लुई, डॅनी आयेलोने केलेला पाठ दुखीचा डॉक्टर, कायरोप्रॅक्टर. अख्ख्या पिक्चरमध्ये जेकबला प्रेमाने हात लावणारा हा जवळजवळ एकटाच. पहिल्यांदा भेटतो तेव्हाच दिवा त्याच्या डोक्यामागे धरलाय, जेकब टेबलावर झोपून वर बघत त्याला म्हणतोसुद्धा की तू देवदूतासारखा दिसतोस. नंतर लुई त्याला माइस्टर एकहार्ट या मध्ययुगातल्या जर्मन ख्रिस्ती संताचं म्हणून सांगतो, की नरकात तुझ्यातलं तेवढंच जळतं जे आयुष्य सोडायला तयार नाही, तू धरून बसलास तर सैतान तुझं आयुष्य ओरबाडतायत असं वाटेल, आणि तुझं मन शांत झालं असेल तर तेच सैतान देवदूत निघतील. हे सांगताना आयेलो प्रवचन देत नाही, पाठ चोळतोय, मान कडकन मोडतोय, कामातून बोलावं तसं बोलतोय. एवढं जड वाक्य इतकं सहज बोलून घेणं सोपं नाही.

त्याच्या जरा आधी तो स्ट्रेचरचा सीन येतो. थोडा जवळून बघू, कारण मला विचाराल तर भयपटातला सगळ्यात नीट बांधलेला सीन आहे हा. पाठ मोडलेल्या जेकबला साध्यासुध्या हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमधून ढकलत नेतायत. वर छतावरचे दिवे एकामागून एक मागे जातायत. पहिलं दार साधं, दुसऱ्या दारानंतर भिंती मळकट, मग कोपऱ्यात डोकं आपटणारे वेडे, मग वर जाळी आणि जाळीवर माणसं. चाकाचा आवाज पहिल्यापासून आहे, तो आता बदलायला लागतो, एक चाक डुगडुगतं, आणि कॅमेरा खाली जातो तर जमिनीवर रक्त आणि तुटलेले अवयव आणि चाक त्यातून चाललंय. मध्येच एका बाजूला मुलाची वाकडी झालेली सायकल पडलेली दिसते. क्षणभरच, कोणी काही बोलत नाही, संगीत तिथे जोर लावत नाही. गेब सायकल घेऊन बाहेर असताना गाडीखाली गेला होता. अख्ख्या नरकात त्या माणसासाठी सगळ्यात वाईट वस्तू ती आहे आणि दिग्दर्शक ती वाटेत टाकून पुढे निघून जातो. शेवटी ऑपरेशनच्या टेबलावर डोळेच नसलेला डॉक्टर आणि त्याच्या मदतीला जेझी. सबंध सीनमध्ये आपण जेकबसारखेच आडवे पडून बघतोय, पळता येत नाही, मान वळवून जेवढं दिसेल तेवढंच.

केमिकलच्या भानगडीबद्दल थोडक्यात. मायकल नावाचा केमिस्ट शेवटाकडे सांगतो की सैन्याने तुकडीवर 'लॅडर' नावाचं ड्रग वापरलं, सगळे पिसाळले आणि एकमेकांनाच मारत सुटले, आणि पिक्चर संपताना पाटी येते की व्हिएतनाममध्ये बीझी नावाचं रसायन वापरल्याचं बोललं जातं, पेंटागॉनने ते नाकारलं. बीझी खरंच होतं. मेरीलँडमधल्या एजवूड आर्सेनलमध्ये १९५५ ते १९७५ या काळात हजारो अमेरिकन सैनिकांवर असल्या रसायनांचे प्रयोग झाले, त्यात बीझीही होतं, हे सगळं नोंदलेलं आहे. पण बीझी काम करतं ते साधारण आपल्या धोतऱ्यासारखं, तोंडाला कोरड, बुबुळं मोठी, दोनतीन दिवस भ्रम, हवेतल्या वस्तू उचलायचा प्रयत्न. त्याने माणूस गोंधळून निकामी होतो, खून चढल्यासारखा धावत सुटत नाही. शिवाय जे न्यूयॉर्क जेकबच्या डोक्यात आहे तिथला मायकल जे सांगतो ते तरी खरं कशावरून? मला ती शेवटची पाटी नसती तर जास्त आवडलं असतं, इतक्या आतल्या गोष्टीनंतर ती पेपरातल्या बातमीसारखी येते.

टेस्ट स्क्रीनिंगनंतर साधारण वीस मिनिटांचं मटेरियल काढलं, त्यात मायकल जेकबला उतारा देतो तो मोठा सीनही गेला. डीव्हीडीवर आहेत त्यातले काही सीन, बघायचे तर पिक्चर बघून झाल्यावर बघा. चांगले शूट केलेत, तरी काढले ते बरोबरच केलं, स्ट्रेचरच्या सीननंतर परत तेवढ्याच ताकदीचा मार बसला असता तर शेवटी गेब जिन्यावर बसलेला दिसतो तेव्हा आपल्यात काही वाटून घ्यायची ताकदच उरली नसती. २०१९ चा रीमेक सोडून द्या.

आता काकांचं. नका दाखवू. मी डॉक्टर नाही, पण हा पिक्चर काय करतो ते फ्रेम फ्रेम माहितीये म्हणून सांगतो. पाठीवर बांधून पडलेला जखमी माणूस, हेलिकॉप्टर, अचानक कानठळ्या आणि मग अचानक शांतता, आणि आपल्याच माणसाने मारलं हा शेवट, हे सगळं अंगावर यावं म्हणूनच बनवलंय. आपल्याला ते दोन तासांनी सोडतं, ज्याने खरं बघितलंय त्याला सोडेलच असं नाही. तुमच्या मनात कदाचित असं असेल की त्यांना बघून मोकळं वाटेल, कोणीतरी आपलं दुखणं दाखवलंय असं वाटेल. त्यासाठी हा पिक्चर चुकीचा आहे, कारण यातला सैनिक घरी परत आलेलाच नाही, काका आलेत.

पण यातला एक सीन तुम्ही स्वतः परत बघा. जेकबचा जुना साथीदार पॉल त्याला बारमध्ये भेटायला बोलावतो, आणि घाबरत घाबरत सांगतो की माझ्या मागे काहीतरी लागलंय, मी नरकात चाललोय. जेकबचा चेहरा बघा तेव्हा, घाबरलेला असला तरी कितीतरी हलका झालेला दिसतो, कारण पहिल्यांदा कोणीतरी तेच बोललं जे त्याला होतंय. बायको, जेझी, डॉक्टर कोणाकडून हे मिळालं नव्हतं. त्या सुमारास, म्हणजे १९७५ च्या आसपास, अमेरिकेत डॉक्टरांकडेही या दुखण्याला धड नाव नव्हतं, पीटीएसडी (युद्धासारख्या आघातानंतर मागे राहणारा मानसिक त्रास) हे निदान त्यांच्या अधिकृत यादीत आलं १९८० मध्ये. जेकब सैनिकांच्या हॉस्पिटलात जातो तर तिथे त्याची नोंदच सापडत नाही, सैन्याचं म्हणणं तर हे लोक व्हिएतनामला गेलेच नव्हते. ते पिक्चरमध्ये भुतासारखं वाटतं पण त्या पिढीच्या बऱ्याच जणांना उत्तरं अशीच मिळत होती.

काकांना आज तसं अडकायचं कारण नाही. त्यांचं ईसीएचएसचं (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं) कार्ड असेल तर पॉलिक्लिनिकमधून मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे पाठवतात. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं, आणि पुण्याच्या एएफएमसीत (सैन्याच्या मेडिकल कॉलेजात) फौजींसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी त्यांचा वेगळा विभाग २०२३ मध्ये सुरू झाला. आधी तुम्ही फोन करून विचारलंत तरी चालतं. आणि त्यांच्या युनिटचं कोणी जवळपास राहत असेल तर त्यांना एका रविवारी जेवायला बोलवा, जेवण झालं की दोघांना गच्चीवर बसू द्या आणि तुम्ही घरातल्यांना घेऊन खाली थांबा.